शाळेच्या घड्याळांतील व्यायाम

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें विक्रोळी ओलांडली, कीं डाव्या हातास डोंगराची रांग व उजव्या हातास मिठागरें आणि खाडी दिसूं लागतात. ह्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत भांडुप वसलें आहे. १८४३ सालीं मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क ह्या गांवीं आले असतां मुंबई आणि ठाणें लोहमार्गानें जोडण्याची कल्पना त्यांना प्रथम सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ह्याच वाटेनें ठाण्यास गेली. गाडीबरोबर मिनिटांचा हिशेब आला. सूर्य पाहून उठणाऱ्या आणि सावली पाहून जेवणाऱ्या साष्टीच्या खेड्यांना दहा वाजून पांच मिनिटें आणि दहा वाजून दहा मिनिटें ह्यांतला फरक कळूं लागला. कचेरी, कारखाना आणि शाळा ह्या तिघांनीं हें घड्याळ पुढें आपलेंसें केलें. शाळेनें तर मुलाचा दिवसच तासांत कापून वांटून टाकला: हा गणिताचा, हा इंग्रजीचा, हा इतिहासाचा. ह्या वांटणींत मुलाच्या शरीराला कोणता तास मिळाला, तो मिळवून देण्यासाठीं कोणी खटपट केली आणि मिळालेला तास टिकला कीं नाहीं, ही हकीकत महाराष्ट्रापुरती पाहिली तरी पुष्कळ मोठी आहे; आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय भांडुपच्याच डोंगरापलीकडे, कांदिवलीस, लिहिला गेला आहे.

आधुनिक शाळा नव्हती तेव्हां महाराष्ट्रांत व्यायाम नव्हता, असें मुळींच नाहीं. तालीम ही ठिकठिकाणीं रुजलेली संस्था होती. उत्तर पेशवाईंत बाळंभटदादा देवधर ह्यांनीं मल्लखांबाला शास्त्राचें रूप दिलें, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनें तो महाराष्ट्राबाहेरही नेला. परंतु तालमींतलें शिक्षण आणि पंतोजींच्या शाळेंतलें शिक्षण ह्यांची सहसा गांठ पडत नसे. एकाचा गुरु वस्ताद, दुसऱ्याचा पंतोजी. एकाची जागा लाल माती, दुसऱ्याची ओसरी. पाटी घेऊन बसलेल्या मुलानें मांडी घालून पाढे घोकावे, ह्यापलीकडे त्याच्या शरीराकडून शाळेची कांहीं अपेक्षा नव्हती.

इंग्रजी शाळा आल्या आणि ही फारकत अधिकच पक्की झाली. ओसरीच्या जागीं बांक आला, पण बसणें तसेंच राहिलें. उलट परीक्षेचें ओझें वाढलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रानें आपलीं कर्तीं माणसें एकामागून एक गमावलीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं गेले; काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ सालीं त्रेचाळीस वर्षांचे असतां गेले; गोपाळ गणेश आगरकर १८९५ सालीं एकोणचाळिसाव्या वर्षीं गेले. प्रत्येकाच्या मृत्यूचें कारण निराळें होतें आणि तिन्हींचें खापर शाळेवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु शिकलेला माणूस अल्पायुषी कां, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून विचारला जाऊं लागला तो ह्याच सुमारास. बाळ गंगाधर टिळक ह्यांनीं डेक्कन कॉलेजांतलें पहिलें वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. तिचें तात्पर्य म्हणून टिळकांचा निश्चय सांगतात, आणि तें खरेंच आहे. पण त्या गोष्टींत शाळेवरचा एक आरोपही दडलेला आहे. शाळेनें जें दिलें नव्हतें तें मिळविण्यासाठीं ह्या बुद्धिमान विद्यार्थ्याला कॉलेजाचें एक वर्ष खर्ची घालावें लागलें. ज्यांच्या पदरीं असें वर्ष नव्हतें, त्यांनीं काय करावें?

शाळांनीं ह्या प्रश्नाचीं प्रथम दोन उत्तरें दिलीं, आणि दोन्हीं अपुरीं होतीं. पहिलें उत्तर क्रिकेटचें. मुंबईच्या शाळांत हॅरिस आणि जाइल्स ह्या ढालींसाठीं सामने सुरू झाले आणि त्यांनीं शहराला खेळाची एक थोर परंपरा दिली. १९८८ सालीं विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर ह्या दोन शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती हॅरिस ढालीच्याच सामन्यांत. पण शाळेचा संघ अकरांचा. हजार मुलांच्या शाळेंत अकरा मुलें खेळत असतील तर उरलेलीं नऊशें एकोणनव्वद टाळ्या वाजवितात. आणि टाळ्यांनीं छाती भरत नाहीं.

दुसरें उत्तर कवाइतीचें. पलटणींतून निवृत्त झालेला एखादा हवालदार शाळा नेमी, आणि तो मुलांना रांगेंत उभें करून इंग्रजी हुकमांवर हातपाय हालवावयास लावी. ‘ड्रिल मास्तर’ हा शब्द मराठींत आला तो असा, आणि त्यांतला किंचित् तुच्छतेचा सूरही तेव्हांपासूनचा आहे. ड्रिल मास्तरांचा पगार कमी, शिक्षकांच्या खोलींत त्यांचें स्थान कोपऱ्यांत. खुद्द इंग्लंडांत बोअर युद्धानंतर १९०२ सालीं शाळांसाठीं लष्करी नमुन्याचा अभ्यासक्रम काढण्यांत आला होता. पण मूल म्हणजे लहान शिपाई नव्हे हें तेथील शिक्षणखात्याच्या लौकरच ध्यानांत आलें, आणि १९०९ च्या अभ्यासक्रमानें स्वीडनच्या लिंग ह्यांची पद्धति स्वीकारली. लिंग ह्यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोमास संस्था काढून शरीररचनेच्या ज्ञानावर व्यायाम बसविला होता. हिंदुस्थानांतल्या शाळांत मात्र हवालदाराची छडी पुढेंही कित्येक वर्षें राहिली.

ह्या दोन उत्तरांपेक्षां निराळें तिसरें उत्तर महाराष्ट्रानें शोधलें तें शाळेच्या बाहेर राहून. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला. खो-खोसारख्या गल्लींतल्या खेळाला नियमांची चौकट देण्याच्या कामांत त्याचा पुढाकार होता, आणि सर दोराबजी टाटा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं ह्याच जिमखान्याच्या मैदानावर धांवणारे तरुण पाहून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू धाडण्याचा विचार पुढें आला. बडोद्यास माणिकराव ह्यांनीं जुम्मादादा व्यायाममंदिरांत एकट्या पहिलवानाचा व्यायाम शेंकडों मुलांना एकाच वेळीं करतां येईल असा बसविला आणि त्यासाठीं देशी भाषेंतल्या आज्ञा योजल्या. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ जगाला करून दाखविले. पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचें, दादरचें समर्थ व्यायाममंदिर १९२५ सालचें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते स्वतः प्रथम सँडो ह्या युरोपियन बलवानाच्या पद्धतीनें व्यायाम करीत. पुढें सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानांतील शाळांत तो त्यांनीं सक्तीचा केला. राजाची आज्ञा असल्यामुळें तेथें वेळापत्रकाशीं भांडावें लागलें नाहीं. इतरत्र राजा नव्हता. तेथें शिक्षणखातें होतें, आणि शिक्षणखात्याला नमस्कारापेक्षां अहवाल अधिक कळतो.

असा अहवाल लिहूं शकेल, आणि तालमींतही उतरूं शकेल, असा माणूस त्या वेळीं मिळाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, ह्यांचा जन्म १८८३ सालीं गुजराथेंत डभईस झाला. १९०७ ते १९१० हीं तीन वर्षें त्यांनीं बडोद्यास माणिकरावांपाशीं व्यायामाचे धडे घेतले. नंतर ते अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटींत शिक्षक झाले व तेथल्या राष्ट्रीय कॉलेजाचे प्राचार्यही राहिले. शिक्षकाचा हा अनुभव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशीं आहे, पण चरित्रकार योगाच्या ओढीनें त्यावरून घाईनें पुढें जातात. वर्गांत बसलेल्या पन्नास मुलांकडे रोज पाहणारा माणूस आसनांचा विचार मठांतल्या साधूसारखा करीत नाहीं. कुवलयानंदांनीं उड्डियान आणि नौली ह्या क्रियांच्या वेळीं शरीरांत काय घडतें, तें बडोद्याच्या इस्पितळांत क्ष-किरण व दाबमापक लावून तपासलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच सालीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढलें. ज्या काळीं योग म्हणजे चमत्कार अथवा वैराग्य अशी दोनच रूपें लोकांस ठाऊक होतीं, त्या काळीं हा गृहस्थ रक्तदाबाचे आंकडे छापीत होता. पुढें त्यांनीं आसनें आणि साध्या हालचाली ह्यांची सांगड घालून यौगिक संघव्यायामाचा क्रम तयार केला. हेतु असा कीं, शाळेच्या साध्या अंगणांत, उपकरणावांचून, सबंध वर्गाला तो एकत्र करतां यावा.

१९३७ सालीं बाळासाहेब खेर ह्यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. शिक्षणखातें खुद्द खेरांकडे होतें. शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठीं समिति नेमण्यांत आली आणि तिचें अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलें. ह्याच धोरणाचें फळ म्हणून १९३८ सालीं कांदिवलीस सरकारी शारीरिक शिक्षण अध्यापन संस्था निघाली. कांदिवली तेव्हां मुंबईचें उपनगर म्हणण्यापेक्षां आंबराया आणि भातखाचरांचें गांव होतें. पूर्वेस तें थेट त्याच डोंगरांना टेंकलेलें होतें, ज्यांच्या दुसऱ्या उतारावर भांडुप आहे. शहरांत इतकी मोकळी जमीन मिळणें तेव्हांही सोपें नव्हतें.

कांदिवलीनें काय बदललें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. तेथें पदवीधर शिकूं लागले. शरीररचना, आरोग्य, मानसशास्त्र आणि अध्यापनाची पद्धति हे विषय त्यांनीं लेझीम, मल्लखांब, हुतूतू, खो-खो आणि मैदानी शर्यतींबरोबर अभ्यासले. देशी कीं विलायती, हा वाद त्या काळीं फार कडवा होता. कांदिवलीनें तो वर्गाबाहेर ठेवून दोन्ही हातीं घेतलीं. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ड्रिल मास्तरांच्या जागीं शिक्षक आला. गणिताच्या शिक्षकाइतकीच पदवी असलेला मनुष्य शिक्षकांच्या खोलींत बसला म्हणजे त्याचा तास सहजासहजीं हिरावतां येत नाहीं. कांदिवलीचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हेच पुढें १९५७ सालीं ग्वाल्हेरला निघालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले.

येथें शंका येते ती जुनीच आहे, आणि पालकांची असल्यामुळें ती टाळून चालणार नाहीं. व्यायामानें अंग सुधारत असेल; पण तो तास अभ्यासांतून वजा होतो, त्याचें काय? १९५० नंतर पॅरिसजवळच्या वांव ह्या गांवीं डॉ. मॅक्स फूरेस्तिए ह्यांनीं शाळेचा दिवस पालटून पाहिला: सकाळीं पुस्तकी विषय, तेही आटोपशीर, दुपारीं व्यायाम, खेळ व मोकळी हवा. मुलें अभ्यासांत मागें पडलीं नाहींत आणि प्रकृतीनें सुधारलीं. ह्याहून काटेकोर प्रयोग कॅनडांतल्या क्वेबेक प्रांतांत त्रॉय-रिव्हिएर येथें १९७० नंतर झाला. ५४६ प्राथमिक विद्यार्थ्यांपैकीं कांहींना रोज एक तास अधिक शारीरिक शिक्षण दिलें आणि तो वेळ पुस्तकी विषयांतून सुमारें सातवा हिस्सा कापून काढला. अनेक वर्षांच्या मोजणीनंतर असें दिसलें, कीं ह्या मुलांचे गुण घटले नाहींत, थोडे वाढलेच. व्यायामानें प्रत्येक मूल परीक्षेंत वर येतें असा ह्याचा अर्थ काढणें उतावीळपणाचें होईल. एवढें मात्र नक्की, कीं वजाबाकीची जी भीति पालक बाळगतात ती हिशेबांत सापडत नाहीं.

ह्याचें एक कारण खो-खोच्या खेळांत उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. आठ गडी एका ओळींत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसलेले असतात. नववा पाठलाग करतो. बसलेल्याला पाठीमागें पाहतां येत नाहीं. ‘खो’ मिळेपर्यंत उठतां येत नाहीं. मिळाल्यावर एक क्षण दवडतां येत नाहीं. आणि एकदां एका बाजूस वळलें कीं खांब ओलांडल्यावांचून दिशा बदलतां येत नाहीं. बसून राहणें, सावध राहणें, दुसऱ्यावर विसंबणें आणि आपली पाळी येतांच निर्णय घेणें, हें सारें त्यांत आलें. वर्गांत शिक्षक ज्याला ‘लक्ष’ म्हणतात आणि छडीनें आणूं पाहतात, तें हा खेळ दोन खांबांच्या खर्चांत आणतो. शिवाय येथें अशक्त मुलाचाही उपयोग आहे, कारण तो चपळ असूं शकतो. आणि एरवीं वर्गांत मागच्या बांकावर बसणारा मुलगा येथें सर्वांच्या नजरेंत येतो. मुलाच्या मनाला अशा एखाद्या जागेची किती गरज असते, हें जाणते शिक्षक जाणतात.

स्वातंत्र्यानंतर कागदावर ह्या विषयाची चलती झाली. १९५६ सालीं शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय योजना आली. शाळांत निरनिराळ्या कवाइती एकाच वेळीं चालत, त्या एकत्र करण्याची शिफारस कुंझरू समितीनें केली आणि त्यांतून १९६५ सालीं राष्ट्रीय स्वास्थ्य दल निघालें. तें फार काळ तगलें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेला क्रीडांगण असावें, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठीं अंशकालीन निदेशक असावा, असें परिशिष्टांत लिहिलें. कांदिवलीनें ज्याला पूर्ण शिक्षक केलें होतें, त्याला ह्या परिशिष्टानें पुन्हां अर्धवेळ केलें, हें कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं.

तिकडे भांडुपही बदलत होतें. १९५० सालीं तें बृहन्मुंबईच्या हद्दींत आलें. त्या दशकांत टायरांचा आणि रंगांचा असे मोठे कारखाने तेथें उभे राहिले, आणि कोंकणांतून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या वस्त्या डोंगराच्या अंगावर पायरीपायरीनें चढत गेल्या. कोकणनगर, टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा हीं नांवें मुंबईच्या नकाशावर ठळक झालीं. ज्या उतारावर घरालाच सपाट जागा मिळत नाहीं, तेथें शाळेला मैदान कोठून मिळणार? मुंबईंतल्या कित्येक शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची शाळा सुटते तों दुपारची दारांत उभी असते. मधला वेळ पटांगण रिकामें करण्यांतच जातो.

२०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि मुंबईंत वरचे वर्ग उघडावयास २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. दहा फूट बाय दहा फूट खोलींत पांचसहा माणसांबरोबर दीड वर्ष काढलेलें मूल काय गमावून बसलें, ह्याची चर्चा बहुधा अक्षरें आणि आंकडे ह्यांच्यापुरतीच झाली. जागतिक आरोग्य संघटना पांच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाकांठीं सरासरी साठ मिनिटांचा दमवणारा व्यायाम हवा असें सांगते. सांथीच्या पूर्वींच, २०१६ सालच्या आंकड्यांवरून, जगांतल्या अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ मुलांना तो मिळत नव्हता. मुलींत हें प्रमाण शेंकडा ८५ होतें. मुलींच्या आंकड्याकडे मुंबईच्या घरांनीं विशेष पाहावें. मुलगा निदान गल्लींत तरी खेळतो. मुलीला बहुतेक घरांतून संध्याकाळीं खालीं सोडीत नाहींत. तिच्या बाबतींत शाळेचा तास हाच एकमेव तास असतो.

भांडुपच्या मुलांत खेळाची हौस कमी नाहीं. संध्याकाळीं मंडळांच्या चौकांत कबड्डीचा सराव चालतो, गोकुळाष्टमीच्या आधीं गोविंदा पथकें थर लावण्याचा सराव करितात. कबड्डीला १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई खेळांत स्थान मिळालें, तेव्हांपासून ह्या खेळाकडे पाहण्याची मोठ्या माणसांची दृष्टिही पालटली आहे. म्हणजे तालीम एकीकडे आणि शाळा एकीकडे, ही पेशवाईंतली स्थिति येथें नव्या रूपानें पुन्हां आली आहे: जो शरीर कमावतो तो मंडळांत कमावतो, आणि शाळेंत तें घेऊन बसतो. मंडळांत कोण जातो, हें मात्र मुलाच्या स्वभावावर, घरच्या परवानगीवर आणि शेजारावर अवलंबून असतें. शाळेंत सर्वच जातात. कुवलयानंदांच्या समितीनें आणि कांदिवलीच्या संस्थेनें धरून ठेवलेला मुद्दा नेमका हाच होता.

भांडुपसारख्या ठिकाणच्या शाळेंत ह्या तासाचें प्रत्यक्षांत जें होतें तें पालकांस ठाऊक आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अंगण भिजलेलें असतें. सहामाही जवळ आली कीं अपुरा राहिलेला धडा पुरा करण्यासाठीं दुसरे शिक्षक तो तास मागून नेतात. दहावीच्या वर्गांत तर तो कोणी मागतही नाहीं. आपोआपच गणिताचा होतो. वर्गाच्या भिंतीवर चिकटविलेल्या वेळापत्रकांत मात्र त्याचा चौकोन वर्षभर जागच्या जागीं असतो, आणि त्यांत सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असतें: शारीरिक शिक्षण.